असा पाय नसतो

"हलू नकोस," मी म्हणालो.

"गुदगुल्या होतात," जयमाला म्हणाली.

"वजन दोन्ही पायांवर टाक. एका पायावर रेलू नकोस."

"मी नाही रेलले. तुमची पेन्सिल तिरकी आहे."

पेन्सिल खरंच तिरकी होती. मी ती सरळ धरली आणि तिच्या करंगळीपासून पुन्हा सुरुवात केली. भोसरीच्या आमच्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर ती उभी होती आणि मी तिच्या पायाशी गुडघे टेकून बसलो होतो. गुरुवार होता. त्या भागातल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते.

माझे वडील कराडला चपला शिवायचे. बाजारपेठेच्या टोकाला त्यांची टपरी होती. गिऱ्हाइकाला बसवून त्यांनी कधी माप घेतलं नाही. मामलेदार आला तरी त्याला कागदावर उभं करायचे. "बसल्या पायाचं माप खोटं," म्हणायचे. "अंगाचा भार पडला की पाय पसरतो. त्यो खरा पाय." कागदावर नाव लिहायचे, उजवा की डावा ते लिहायचे, आणि कागद तारेला अडकवायचे. त्या तारेला अर्ध्या कराडचे पाय लटकलेले असायचे.

मीही पाय काढून झाल्यावर सवयीनं लिहिलं, सौ. जयमाला, उजवा. खाली तारीख टाकली.

"आता तारेला अडकवा," ती म्हणाली. "मामंजींना बरं वाटेल."

कागद हातात घेऊन तिनं तो उलटसुलट पाहिला. "असा आहे होय माझा पाय? बदकासारखा?"

पाय तसाच होता. पुढे रुंद, बोटं पसरलेली, आणि मागे टाच एकदम अरुंद. त्या टाचेनं तिला शाळेपासून छळलं होतं. जयमाला खो-खो खेळायची. आठ वर्षं जिल्ह्याच्या संघात होती. पाच नंबरचा बूट घेतला तर बोटं नीट बसायची, पण टाच निसटायची. चार नंबरचा घेतला तर टाच धरायची आणि बोटं चेंगरायची. दोन नखं तिनं तशीच घालवली होती. खो-खोत बसलेल्या खेळाडूला खो मिळाला की त्याच क्षणी उठून धावायचं असतं. त्या उठण्यात टाच बुटातून बाहेर आली की पाव सेकंद जातो, आणि पाव सेकंदात समोरचा निसटतो. म्हणून ती सायकलच्या ट्यूबची दोन बोटं रुंद रिंग कापायची आणि कॅनव्हासच्या बुटावरून पायाला घट्ट चढवायची. संघातल्या पोरी तिला पंक्चरवाली म्हणायच्या.

जानेवारीत राज्याच्या संघाची निवड होती. ती अठ्ठावीस वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिला कोणी बोलावलं नसतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मी तेव्हा बुटांच्या एका कंपनीत कापणी खात्यात होतो. नऊ वर्षं मशीनवर रेक्झिन आणि जाळीचे तुकडे कापत होतो. दिवाळीनंतर फलकावर सूचना लागली. कंपनी बायकांसाठी खेळाचा बूट काढणार आहे. कोणाही कामगारानं चित्र काढून द्यावं. ज्याचं चित्र निवडलं जाईल त्याला डिझाइन खात्यात जागा मिळेल. डिझाइन खातं वरच्या मजल्यावर होतं. काचेची भिंत, पांढरी टेबलं. माल वर द्यायला गेलो की मी उगाच दोन मिनिटं जास्त थांबायचो. तिथली माणसं मार्करनं कागदावर बूट काढायची आणि तो कागदातून उचलून घ्यावासा वाटायचा. मला ते येत होतं. शाळेपासून माझा हात बरा होता, आणि कंपनीतल्या जुन्या मासिकांतले बूट मी इतक्यांदा काढले होते की डोळे मिटून काढले असते.

पहिली सात-आठ चित्रं मी तशीच काढली. टोकदार, चकचकीत, वाऱ्यासारख्या रेषा. जयमाला भाकरी थापता थापता मान वळवून बघायची.

"गाडी छान आहे," ती म्हणाली.

"बूट आहे तो."

"मग ह्यात पाय कुठे आहे?"

"पाय घालणाऱ्याचा असतो. बूट आपला."

"हे मामंजींना सांगून बघा एकदा."

मी चिडलो होतो, पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं. त्यानंतरच्या गुरुवारी मी तिला कॅलेंडरवर उभं केलं.

त्या पायावरून मी जो बूट काढला तो माझ्या आयुष्यातला एकमेव बूट आहे ज्याबद्दल मी आज छाती पुढे काढून बोलू शकतो. एका बाजूनं दिसणारं चित्र काढलं आणि खाली तळाचं. आधी फिक्या निळ्या पेन्सिलनं आकार, त्यावर काळी रेघ, मग करड्या मार्करचे तीन थर. तळ सगळ्यात गडद. कडेला कागद तसाच पांढरा सोडायचा, म्हणजे उजेड पडल्यासारखं दिसतं. पुढे बोटांना मोकळी जागा दिली. मागे टाच जयमालाच्या टाचेइतकीच ठेवली, आणि आतून दोन्ही बाजूंनी गादीचे दोन उंचवटे, टाच वर यायला लागली की धरतील असे.

चित्र भिंतीला टेकवून ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. मैदानावर बसतात तशी. 

"हा मी घालणार," ती म्हणाली. "जानेवारीत."

"आधी निवडू तर दे."

"न निवडून सांगतात कुणाला. आणि हे बघा, कुणी काही विचारलं तर मला बोलवा. मी पाय दाखवते."

"पाय कशाला दाखवायला लागतोय."

"लागला तर."

चित्र दाखवायचा दिवस बुधवार होता. अकरा वाजता मला वर बोलावलं होतं. जयमाला शाळेत खेळाची शिक्षिका होती, हंगामी. दोन तास सुट्टी काढून ती आली आणि फाटकाशी वॉचमनच्या खोलीत बसली. मैदानावरून तशीच आली होती, पायात कॅनव्हासचे बूट आणि ट्यूबच्या रिंगा.

"इथंच आहे मी," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पाय धुऊन आलेय."

मी हसलो आणि वर गेलो.

डिझाइन खात्याचे प्रमुख चितळकर म्हणून होते. चाळिशीचे, परदेशात शिकून आलेले, बोलायला मऊ. कामगाराला त्यांनी कधी अरेतुरे केलं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण त्या दिवशी त्यांनी आरडाओरडा केला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

त्यांनी चित्र हातात घेतलं आणि खिडकीजवळ नेलं. टेबलांवरची तीन माणसं उठून जवळ आली.

"हे तुम्ही काढलंत?"

"हो सर."

"कुठे शिकलात?"

"घरीच."

"सातपुते ना तुम्ही? कापणीतले? कमाल आहे." त्यांनी बोटानं मार्करचे थर दाखवले आणि त्या तिघांना म्हणाले, "बघा, उजेड कसा सोडलाय. आणि तुम्ही मला पांढरा रंग मागता." मग माझ्याकडे वळले. "वडील काय करतात?"

"कराडला दुकान आहे."

"कसलं?"

"छोटंच आहे, सर."

खोटं नव्हतं ते. दुकान होतं आणि छोटंच होतं.

मग त्यांचं बोट तळाच्या चित्रावर आलं आणि तिथं थांबलं. त्यांनी खणातून एक पारदर्शक कागद काढला. त्यावर तळाचा आकार छापलेला होता. डिझाइन खात्यात प्रत्येकाकडे तो असायचा. बूट कोणताही असो, तो कागद खाली ठेवायचा आणि वर काढायचं. त्यांनी माझं चित्र खिडकीच्या काचेवर धरलं आणि त्यावर तो कागद ठेवला. बाहेरचं ऊन दोन्ही कागदांतून आलं. पुढे माझा पाय त्यांच्या रेघेबाहेर गेला होता, आणि मागे दोन्ही बाजूंनी बोटभर आत होता.

"इथं गडबड आहे," चितळकर म्हणाले. "असा पाय नसतो."

"मोजलाय सर."

"हा बायकांचा पाचचा आकार आहे. माझ्या हातातला."

"तो कुठून घेतलाय सर?"

"पुरुषांचा आठ नंबर आहे आपला. तोच झेरॉक्सवर लहान करतो."

"मग टाच पण तेवढीच लहान होते?"

"सगळंच तेवढं लहान होतं. झेरॉक्स आहे ते," एक जण म्हणाला, आणि बाकीचे हसले.

चितळकरही हसले, पण वाईट नाही. "मोजलाय म्हणजे कसा मोजलात?"

मी काय सांगणार होतो ते माझ्या जिभेवर होतं. खाली बसून. उभं करून. कागदावर, पेन्सिल सरळ धरून.

तेवढ्यात तेच म्हणाले, "पायाशी बसून? सातपुते, लोकांचे पाय धरून बसायचं असेल तर स्टेशनबाहेर ओळीनं बसलेत तसले. ते त्यांचं काम. डिझायनर डोळ्यानं मोजतो." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा हात चांगला आहे. त्या कामाचा नाही तो."

त्यांनी माझी स्तुती केली होती. बुटांच्या कंपनीत, बुटांच्या चित्रासमोर उभं राहून, पायाला हात लावणं हलकं आहे असं मला सांगितलं होतं आणि वर शाबासकी दिली होती. माझ्या बापानं पन्नास वर्षं जे केलं ते स्टेशनबाहेरचं काम. वीस वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की अजून माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

"बरं, हा पाय कुणाचा आहे?" त्यांनी विचारलं. "कुणाचा तरी असेल ना?"

खिडकीतून फाटक दिसत होतं. वॉचमनची खोली दिसत होती. खोलीच्या दारात जयमालाचा एक पाय बाहेर आला होता. बूट, त्यावर काळी रिंग. वॉचमनशी काहीतरी बोलून ती हसत असणार, कारण पाय हलत होता.

मला फक्त खिडकी उघडून हाक मारायची होती. ती धावत वर आली असती. बूट काढून तिनं त्या पांढऱ्या टेबलावर पाय ठेवला असता, दोन नखं नसलेला, भेगा पडलेला पाय, आणि तो माझ्या रेघेवर तंतोतंत बसला असता.

"कुणाचा नाही सर," मी म्हणालो. "अंदाजानं काढला. मापात चुकलं असेल."

"चुकतं. पहिल्यांदा सगळ्यांचंच चुकतं. तीन वाजता डायरेक्टर साहेब येणारेत. आमच्या आकारावर परत काढाल?"

"काढतो."

मला एक पांढरं टेबल दिलं. त्यांचे मार्कर दिले, पूर्ण संच, करड्या रंगाच्याच नऊ छटा. मी तो झेरॉक्सचा पाय खाली ठेवला आणि त्यावर काढायला लागलो. टाचेची रेघ बाहेर आली. आतले उंचवटे आता कामाचे नव्हते, म्हणून तेही गेले. पुढची मोकळी जागा आत ओढली. एका तासात झालं. टाचेवर मी उजेडाची पट्टी सोडली आणि ती इतकी छान आली की मला स्वतःलाच बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

"आता झाला बूट," चितळकर म्हणाले.

पहिलं चित्र मी चुरगाळून तिथल्याच टोपलीत टाकलं.

खाली आलो तेव्हा जयमाला उठून उभी राहिली. "काय म्हणाले?"

"हात चांगला आहे म्हणाले."

"आणि टाच?"

"टाच पण आवडली."

"बोलावलं नाहीत मला."

"गरजच पडली नाही."

"मी उगाच पाय घासत बसले सकाळी," ती म्हणाली, आणि वॉचमनला म्हणाली, "मामा, तुमच्या चहाचा पायगुण चांगला आहे."

पुढच्या आठवड्यात मला पत्र मिळालं. वरच्या मजल्यावर टेबल मिळालं. कापणीतल्या लोकांनी पेढे खाल्ले. जयमालानं शाळेत वाटले. कराडला फोन केला तेव्हा वडील म्हणाले, "म्हंजी आता तू नुसतं काढायचं? शिवायचं दुसऱ्यानं?"

"हो."

"आणि पाय कोण बघतंय?"

मी म्हणालो, लाइन खराब आहे.

डिसेंबरच्या शेवटी नमुन्याचे बूट तयार झाले. गुलाबी रंगाचे. रंग मी ठरवला नव्हता, पण चित्र माझं होतं. पाच नंबरचा एक जोड मी खोक्यातून घरी आणला. जयमालानं हात पदराला पुसले, खाली बसली, बूट घातले, नाड्या ओढून बांधल्या. उठून दोन पावलं चालली. मग भिंतीशी जाऊन मैदानावर बसतात तशी उकिडवी बसली आणि झटकन उठली.

उजवी टाच बुटातून बाहेर आली. मी पाहिली. तिनंही पाहिली.

ती पुन्हा बसली, पुन्हा उठली. टाच पुन्हा बाहेर आली.

मी वाट बघत होतो. विचारेल, मग मी सांगेन. तिनं विचारलं नाही. ती आत गेली, खिळ्याला अडकवलेल्या ट्यूबच्या रिंगा घेऊन आली, आणि त्या गुलाबी बुटांवर चढवल्या.

"रंग छान आहे," ती म्हणाली.

निवडीला ती तेच बूट घालून गेली. मी म्हणालो, जुने घाल, त्यांची सवय आहे. ती म्हणाली, "नवऱ्यानं काढलेला बूट आहे. पोरींना दाखवायचाय." निवड पुण्यातल्याच एका मैदानावर होती. मी बघायला गेलो होतो. पहिल्या डावात तिनं तिघी बाद केल्या. दुसऱ्या डावात खांबाशी वळताना रिंग सरकली, टाच बाहेर आली आणि पाय आतल्या आत मुडपला. ती पडली, उठली, एका पायावर परत जागेवर जाऊन बसली. तिला खो मिळाला. ती उठू शकली नाही.

निवड समितीतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "वय झालं बाईंचं." मी त्याच्या मागेच उभा होतो. त्याच्या गचांडीला धरावंसं वाटलं. पण त्याला काय सांगणार होतो? वयानं नाही पडली ती. झेरॉक्सनं पडली.

घरी आल्यावर मी बर्फ फडक्यात गुंडाळून तिच्या घोट्याला लावत होतो. तिचा पाय माझ्या मांडीवर होता. ती वर छताकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही का, हा पाय कुणाचा म्हणून?"

"नाही."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत ना?"

"सांगितलं असतं."

"हं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "बर्फ पुरे आता. पाय बधिर झाला."

त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, ते मला माहीत नाही. मी वरच्या मजल्यावर चौदा वर्षं बूट काढले, सगळे त्या एका कागदावर. मग कंपनी बंद झाली. ती शाळेत पोरींना खो-खो शिकवत राहिली. ज्या पोरीची टाच निसटायची तिला ट्यूबची रिंग कापून द्यायची.

जयमाला जाऊन आता चार महिने झाले. मूत्रपिंडं गेली. शेवटी तिचे पाय सुजले होते, इतके की कुठलंच माप राहिलं नव्हतं. त्याच्याबद्दल जास्त लिहिणार नाही.

आम्हाला मूल नाही. तेराव्याची तयारी करायला तिचे मोठे भाऊ सर्जेराव आले होते. आमच्यात बाई सवाष्ण गेली की तेराव्याला एका सवाष्णीला साडी, छत्री आणि पायताण देतात. गेलेल्या माणसाला वाट चालायला लागते म्हणून.

"दाजी, चपला घिऊन येतो मी कोपऱ्यावरनं," सर्जेराव म्हणाले.

"ती चपला घालत नव्हती. बूट आणू."

"बूट तर बूट. कुठल्याबी मापाचे चालत्यात. कोण घालणार हाय?"

मी उठलो. तिची प्रमाणपत्रं ज्या फायलीत असायची ती काढली, मृत्यूच्या दाखल्यासाठी तिचं जन्मतारखेचं काही सापडतं का बघायला. जिल्हा संघाच्या आठ प्रमाणपत्रांखाली कॅलेंडरचा कागद होता. सौ. जयमाला, उजवा. माझं अक्षर, खाली तारीख. तो कागद मी कधीच विसरलो होतो. तिनं तो प्रमाणपत्रांत ठेवला होता.

मी कागद घडी न करता गुंडाळला आणि सर्जेरावांबरोबर चिंचवडच्या एका मोठ्या बुटांच्या दुकानात गेलो. भिंतभर बायकांचे खेळाचे बूट होते. गणवेशातली एक मुलगी पुढे आली. तिच्या छातीवर प्रणाली असं नाव होतं.

"नंबर काय, काका?"

"पाच."

तिनं एक काढून दिला. गुलाबीच होता. मी आत हात घातला आणि अंगठा टाचेला लावला. वीस वर्षं झाली होती, कंपनी दुसरी होती. टाच तीच होती.

"ही टाच मोठी आहे," मी म्हणालो.

"दुसरा दाखवते." तिनं दुसरा दिला, तिसरा दिला. मी प्रत्येकात अंगठा घातला.

"सगळ्यांच्या टाचा मोठ्या आहेत."

"काका, मॅडमनाच घेऊन या ना. घालून बघतील, मग कळेल."

सर्जेरावांनी माझा दंड धरला. मी तो सोडवला आणि गुंडाळी काउंटरवर उलगडली. "ह्या आहेत मॅडम. ह्या पायाला बूट द्या."

मॅनेजर आला. तिशीतला मुलगा, कानात काहीतरी अडकवलेलं. त्यानं कागद पाहिला, काउंटरवरचा बूट त्यावर ठेवला, आणि हसला. "काका, कुणी काढलंय हे? चुकलंय काहीतरी. असा पाय नसतो."

"असतो," मी म्हणालो. माझा आवाज मोठा झाला होता. दुकानातले लोक वळून बघायला लागले. "हा माझ्या बायकोचा पाय आहे. जयमाला सातपुते. मी तिला उभं करून, खाली बसून मोजलाय. मी चांभाराचा पोरगा आहे. पाय मोजायला मला तुम्ही शिकवू नका. तुमचा बूट चुकलाय. वीस वर्षांपूर्वी तो मी काढलाय, म्हणून सांगतो."

मॅनेजरला शेवटचं काही कळलं नसणार. त्यानं सर्जेरावांकडे पाहिलं. सर्जेराव म्हणाले, "चला दाजी. दानाचं बघू आपण."

"दानाचे मी शिवीन," मी म्हणालो आणि कागद गुंडाळायला घेतला.

"काका," ती मुलगी म्हणाली. तिनं आपल्या पायातला काळा बूट काढला होता. बुटाच्या मागच्या बाजूला कापसाचा बोळा होता, वापरून काळा झालेला. "माझीपण निसटते. दिवसभर उभं राहायचं असतं ना, म्हणून मी हा घालते. मला वाटायचं, माझाच पाय वाईट आहे."

"प्रणाली, काउंटरवर जा," मॅनेजर म्हणाला.

ती गेली नाही.

मी बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि उलटं करून फरशीवर ठेवलं. "पेन आहे?"

तिनं खिशातलं पेन दिलं. मी खाली बसलो. गुडघे वाजले. सर्जेराव हळूच म्हणाले, "उठा दाजी. माणसं बघायला लागली."

"बघू देत."

तिनं झाकणावर पाय ठेवला, पण भार दुसऱ्याच पायावर होता. लाजली होती. मी पेन सरळ धरलं.

"हलू नकोस," मी म्हणालो. "वजन दोन्ही पायांवर टाक."